मुळाक्षरांत नसलेली हाक

तुमची जीभ आत्ता तोंडात नेमकी कुठे टेकली आहे, सांगा बघू. नाही ना सांगता येत? आणि मी विचारल्यामुळे आता ती तोंडात मावेनाशी झाली असेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच विचारते. दिवसभर आपण जीभ चालवतो, पण ती कुठे लागते आणि कुठून सुटते याचा पत्ता खुद्द बोलणाऱ्याला नसतो. मग तो इंजिनिअर असो की गवळी.

मी हेमलता मगदूम. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात वाचा-उपचार करते. ज्यांचं बोलणं गेलं त्यांना बोलतं करायचं, हे माझं काम. घरचे म्हणतात, गप्प कसं बसायचं तेही कुणाकडून तरी शिकून घे. असो.

इराप्पा गवळी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या गळ्यावर पांढरी जाळीदार पट्टी होती. घशाचा कॅन्सर झाला म्हणून स्वरयंत्र काढून टाकलं होतं. अशा माणसाचा श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून आत-बाहेर जातो, तोंडापर्यंत पोचतच नाही. जीभ, दात, ओठ सगळं जागच्या जागी, पण फुंकर घालायलाही हवा नाही. बरोबर त्यांची बायको गौरव्वा होती आणि मुलगा संगमेश. बोलायचं काम सगळं गौरव्वाच करत होत्या.

"म्याडम, ह्यांचा आवाज कट्ट्यावरनं नदीपर्यंत जायचा," त्या म्हणाल्या. "भांडायचे तर गल्ली गोळा व्हायची. आता मी एकटीच भांडतो. एकटीनं भांडून काय मजा?"

आमच्या भागातल्या बायका 'मी भांडतो, मी जातो' असंच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.

त्या वर्षी वाचापट्टी नुकतीच आली होती. दातांच्या कवळीसारखी, पण कागदाइतकी पातळ. ती टाळूला बसवायची. तिच्यात असंख्य बारीक ठिपके, जीभ कुठल्या ठिपक्यांना लागली हे ते ओळखतात. ओठांसाठी दातांच्या पुढे दोन टोकं. आवाज न काढता नुसतं तोंड हलवलं, की कॉलरला अडकवलेल्या बटणातून बोलणं ऐकू येतं.

हे जमतं कसं? शाळेत आपण क ख ग घ घोकलं, पण ती ओळ म्हणजे तोंडाचा नकाशा आहे हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. 'क'ची ओळ म्हणताना जिभेचा मागचा भाग घशाजवळच्या मऊ टाळूला लागतो. 'च'च्या ओळीला जीभ पुढे सरकते, 'ट'च्या ओळीला तिचं टोक वर वळतं, 'त'ला दातांना टेकतं, आणि 'प'ला ओठ मिटतात. घशापासून दारापर्यंत चालत यावं, तसे आपण पाच ओळींत बाहेर येतो. एका ओळीतल्या अक्षरांचं घर एकच, वागणूक वेगळी. तळहात तोंडासमोर धरून 'क' म्हणा आणि मग 'ख'. 'ख'ला हाताला हवा लागेल. आता बोट गळ्यावर ठेवून 'क' आणि 'ग' म्हणा. 'ग'ला बोटाखाली गुणगुण जाणवेल, ती स्वरयंत्राची. आणि 'म'ला तर हवा चक्क नाकातून जाते.

पट्टीला घर कळतं, वागणूक कळत नाही. पाव काय आणि भाव काय, तिच्या लेखी दोन्हीला ओठ मिटले एवढंच. मग ती मागचे-पुढचे शब्द बघून अंदाज बांधते. पहिल्या आठवड्यात इराप्पांनी घरी "पाव आण" म्हटलं आणि कॉलरमधून खणखणीत आवाज आला, "भाव आण." गौरव्वांनी विचारलं, "कशाचा?" दोघं किती तरी वेळ हसत बसले म्हणे. ते हसू बिनआवाजाचं होतं, पण होतं.

आवाज त्यांचाच होता. वाचापट्टी बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं जुने फोन, लग्नातली चित्रणं, पाडव्याचे व्हिडिओ असं मिळेल ते गोळा केलं, त्यातला गोंगाट धुऊन काढला आणि त्या आवाजाचा साचा केला. माझ्या खोलीत इराप्पा (मी त्यांना मामा म्हणायला लागले होते) पहिलं वाक्य बोलले ते "गौरव्वा, च्याला साखर कमी घाल." बाई पदर तोंडाला लावून जी रडायला लागली, की मलाही उठून खिडकीशी जावं लागलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे दिवस मोजकेच येतात, मी ते विसरत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण साचा राहतो फोनमध्ये. पट्टीची गरज फक्त तोंड वाचण्यापुरती. फोनवर कुणी टाईप केलं तरी इराप्पा गवळी बोलतातच. संगमेशला हे दोन दिवसांत उमगलं. पोरगा वाईट नाही, बापाला त्रास नको हीच त्याची भावना. दुधाच्या गिऱ्हाइकांना तो आप्पांच्या आवाजात उत्तरं द्यायला लागला. मी एकदा मामांची चौकशी करायला फोन केला, तर त्यांनी तब्येत, जेवण, औषध सगळं नीट सांगितलं, वर "तुमी बऱ्या हाय का?" असंही विचारलं. नंतर गौरव्वांकडून कळलं की मी फोन केला तेव्हा मामा आंघोळीला गेले होते.

पुढच्या भेटीला इराप्पा एकटेच आले. खुर्चीत बसले, कॉलरचं बटण नीट केलं.

"म्याडम, एक सांगा. मी घरात नसलो तरी मी घरात बोलतोय," ते म्हणाले. "मग मी कशाला पायजे?"

"मामा, संगमेशला सांगते मी."

"त्याला काय सांगू नका. गुणी पोरगं हाय. पर हा आवाज कुणाचा, ते मला कळंना झालंय. लोक म्हणत्यात, तुझाच. माझं मन राखायला म्हणत असतील. तानी काय मन राखायची न्हाई."

तानी ही त्यांची म्हैस. आणि तिच्याबद्दल सांगायचं तर पाडव्याबद्दल सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडचे गवळी म्हशी सजवतात. अंगावरचे केस कापून नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, आणि मग म्हशी पळवतात. पूर्वी मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढे सुटायचा आणि त्या फटफटाटामागे म्हैस धावायची. पेट्रोलच्या गाड्या शहरातून गेल्या, विजेच्या गाड्यांना आवाजच नाही, तेव्हापासून सगळी भिस्त हाकेवर आली. एका टोकाला म्हैस, दुसऱ्या टोकाला मालक. गर्दीतून, ढोलताशातून मालकाची हाक ओळखून जी सरळ धावत येते ती म्हैस खरी, आणि तो मालकही खरा. तानी ऑपरेशनच्या आधीपर्यंत दरवर्षी अशी यायची.

"औंदा पाडव्याला मी ह्या आवाजात तिला हाक मारणार," मामा म्हणाले. "आली तर हा आवाज माझा. न्हाई आली तर ही पट्टी काढून पेल्यात टाकणार. परत बोलायचो न्हाई."

असं बोलणारी माणसं मी पाहिलेली आहेत. ती खरंच गप्प होतात, आणि मग गप्प माणसाला घर हळूहळू विसरतं. मी म्हटलं, "मामा, म्हशीच्या भरवशावर असलं काही ठरवायचं नसतं." त्यांनी जिभेचं टोक दातांमागे लावून नुसती मान हलवली. पट्टी बोलली नाही. ते काय म्हणत होते हे पट्टीला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या वेळी कळलं नाही.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात संगमेशनं नदीकाठच्या मैदानात सराव ठेवला. मला बोलावणं होतं. संध्याकाळचं ऊन होतं, पंचगंगेकडून गार वारा येत होता. तानी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभी होती, काळी कुळकुळीत, शिंगं मागे वळलेली. इराप्पांनी तोंड हलवलं. संगमेशनं आणलेल्या कर्ण्यातून मैदानभर आवाज घुमला. "तानी, ये, ये, ये."

तानीनं कान हलवले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि रवंथ करायला लागली.

"कर्णा लहान पडतोय," संगमेश म्हणाला. "मोठा आणतो."

"कर्ण्यानं काय हुतंय?" गौरव्वा म्हणाल्या. "ती बहिरी न्हाई."

इराप्पा चालत जाऊन तानीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. तिनं त्यांचा हात चाटला. म्हणजे माणूस ओळखीचा होता, हाक अनोळखी होती. घरी परतताना माझ्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी संगमेशकडून पाडव्याचे जुने व्हिडिओ मागवून घेतले, आणि पुण्याला ओजसला फोन लावला. ओजस कंपनीतला इंजिनिअर, हुशार, बोलायला गोड, आणि दर वाक्याला 'डेटा' म्हणणारा.

"मॅडम, आवाज नव्व्याण्णव टक्के जुळतोय," तो म्हणाला. "माणसांना फरक ओळखता येत नाही."

"माणसांचं सोड. धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं, दोन्ही मला पाठव."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी दोन्ही ऐकायला बसले. धुतलेल्या आवाजात "तानी, ये, ये, ये." स्वच्छ. मूळ व्हिडिओत ढोल, शिट्ट्या, कुणाचा तरी खोकला, आणि हाकेच्या आधी काहीतरी टक् टक्. मला आधी ते खुरांचं वाटलं. पुन्हा ऐकलं. दुसऱ्या वर्षीचं ऐकलं. दर वेळी हाकेच्या आधी टक् टक्, आणि त्या आवाजाबरोबर तानी मान वर करायची. "तानी" हा शब्द येईपर्यंत ती पळायला लागलेलीसुद्धा असायची.

मी खुर्चीत बसल्या बसल्या तो आवाज स्वतःच्या तोंडानं काढला आणि कपाळाला हात लावला.

तुम्हीही काढून बघा. जीभ टाळूला चिकटवा आणि एका कडेनं सोडा. टांगेवाले घोड्याला चालवायला काढायचे तो. जीभ दातांमागे लावून तोच प्रकार केला की 'च्च्' होतं. हळहळताना काढतो आपण, किंवा 'नको' म्हणायला. हे आवाज कुठल्याच ओळीत नाहीत. मुळाक्षरांतला झाडून सगळा कारभार फुप्फुसातल्या हवेवर चालतो, आणि हे आवाज त्या हवेला विचारतही नाहीत. जीभ मागे एकदा आणि पुढे एकदा अशी दोन ठिकाणी चिकटते. मधे चिमूटभर हवा अडकते. जीभ जरा खाली ओढली की ती जागा वाढते, हवा विरळ होते, आणि पुढची कडा सुटली की बाहेरची हवा टक्कन आत शिरते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात काही भाषांत हे चक्क व्यंजन आहे, त्यात माणसं गप्पा मारतात, गाणी म्हणतात. आपण मात्र ते जनावरांना आणि तान्ह्या बाळांना देऊन टाकलं. म्हणून कंपनीच्या यंत्रानं ते गोंगाटात धरलं. आणि इराप्पांनीही. हाक कशी मारायचात म्हटलं की ते सांगायचे, "तानी ये म्हणायचो." टक् टक् हा आवाज आहे, हे त्या तोंडाच्या मालकालाच माहीत नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मामांना आणि गौरव्वांना बोलावून घेतलं. व्हिडिओ ऐकवला. मामा ऐकत राहिले, मग गळ्यावरच्या जाळीकडे बोट केलं.

"घशाबिगर आवाज कसला निघायचा?" कॉलर म्हणाली.

"निघतो. हे बघा." मी नाक दाबलं, श्वास रोखला, आणि गाल लाल होईपर्यंत टक् टक् टक् करत राहिले. गौरव्वा खुसखुसायला लागल्या. "श्वास घेतला का मी? नाही ना? याला घसा लागत नाही, फुप्फुसं लागत नाहीत. नुसतं तोंड लागतं. ते तुमच्याकडे आहे, मामा. कुणी काढून नेलेलं नाही."

त्यांनी करून पाहिलं. नुसतं ओलं चुळुक झालं. पुन्हा केलं, तेच. त्यांचा चेहरा उतरला आणि माझाही. मग माझ्या ध्यानात आलं. जिभेला चिकटायला टाळू हवी, आणि टाळूवर आमची पट्टी होती. बोलणं परत देणारी पट्टीच वाटेत आडवी पडली होती. मी म्हटलं, "काढा ती."

पट्टी काढल्यावर ते पूर्ण मुके झाले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. त्यांनी जीभ वर लावली, सोडली. काही नाही. पुन्हा. ऑपरेशननंतर जिभेची ताकद जाते, ती सवयीनंच परत येते. त्यांना मी थांबवायला निघाले होते, एवढ्यात टक् झालं. लहानसं, कोरडं. मग पुन्हा, मोठं. मग टक् टक्, व्हिडिओतल्यासारखं.

इराप्पा हातानं स्वतःचा गाल चाचपून बघत राहिले. दीड वर्षांत त्यांच्या शरीरातून निघालेला पहिला आवाज होता तो. मला फार आनंद झाला, पण दुसऱ्या दिवशीसाठी मी त्यांना काहीएक शब्द दिला नाही. म्हैस दीड वर्षानं ओळखेल की नाही, हे कुठल्या पुस्तकात आहे?

पाडव्याला नदीकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक म्हैस यायची, हाक व्हायची, धूळ उडायची, टाळ्या पडायच्या. इराप्पांनी संगमेशला काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो नवा मोठा कर्णा गाडीवर बांधून आला होता. तानीचं नाव पुकारलं. पलीकडच्या टोकाला ती उभी, शिंगं लालभडक, पाठीवर कमळाची नक्षी. संगमेशनं फोनवरून हाक लावली, कर्ण्यातून आवाज आला, "तानी, ये, ये, ये." बाजूच्या दोन म्हशी बुजल्या. तानी ढिम्म. संगमेशनं आवाज वाढवला. गर्दीतून कुणीतरी हसलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

इराप्पा आमच्याशेजारी मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर बसले होते, ते उठले. तोंडातली पट्टी काढली, रुमालात गुंडाळून गौरव्वांच्या हातात दिली, आणि खाली उतरून ते मैदानाच्या मधल्या रेषेवर जाऊन उभे राहिले. संगमेशला हातानं खुणावलं, बंद कर. ढोलवाल्यांनाही वाटलं काहीतरी चाललंय, तेही थांबले.

टक् टक्.

मला जेमतेम ऐकू आलं. इतक्या लांब तानीला कसलं ऐकू जातंय, असं वाटून मी गौरव्वांचा हात धरला.

टक् टक्.

तानीनं रवंथ थांबवलं. मान वर झाली, दोन्ही कान पुढे आले. तिनं असा हिसडा दिला की दोर धरणारा गडी खाली बसला. ती आली, सरळ, कुणाकडे न बघता, मोरपिसं गाळत, आणि इराप्पांच्या छातीपाशी येऊन थांबली. नाक वर करून तिनं त्यांच्या गळ्यावरची जाळी हुंगली. त्यांनी तिचं शिंग धरलं आणि मान खाली घातली.

स्वरयंत्र नसलेला माणूस रडतो तेव्हा आवाज होत नाही. खांदे तेवढे हलतात. टाळ्या वाजत होत्या, आणि मी तिथे उभी राहून खुशाल रडत होते, लोक बघतायत याची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दुपारी मी गोठ्यावर चहाला गेले, तर ओजस पुण्याहून आलेला. संगमेशनं व्हिडिओ पाठवला होता, तो बघून निघालाच. इराप्पा बाजेवर बसले होते. वाचापट्टी शेजारी वाटीत पाण्यात होती. सकाळी तिच्यातूनच त्यांनी शेजाऱ्याशी पाणी सांडण्यावरून कचकचीत भांडण केलं होतं, असं गौरव्वांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"फार मोठी गोष्ट सापडली, मॅडम," ओजस म्हणाला. "आम्ही हे आवाज गोंगाट समजत होतो. आता काकांचा तो आवाज रेकॉर्ड करून घेतो आणि साच्यात घालतो. मग पट्टी काढायलाही नको. बटणच टक् टक् करेल."

"म्हंजे मलाबी तिला बोलवता येईल?" संगमेशनं विचारलं. "आप्पांना ऊन-वाऱ्यात जायला नको."

"कुणीही बोलवू शकेल. फक्त काकांची परवानगी हवी."

माझी बोलायला जीभ शिवशिवत होती, पण हा प्रश्न माझा नव्हता. सगळे इराप्पांकडे बघत होते. गौरव्वांनी वाटी पुढे सरकवली, पट्टी घालून उत्तर द्यावं म्हणून. त्यांनी ती हातानं बाजूला केली. दावणीच्या तानीकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं, मायेनंच. जिभेचं टोक दातांमागे लावलं.

"च्च्."

ओजसनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

उत्तर गौरव्वांनी दिलं. रिकामे कप उचलत त्या म्हणाल्या, "न्हाई म्हणाले. सोताच्या तोंडानं म्हणाले."